मल्लवीर खाशाबा जाधव

पावसाळा ओसरू लागला की शाळा-महाविद्यालयांतून एका विषयाची कुजबूज सुरू होते. यंदाचा कुस्तीचा संघ कसा होणार? कोणत्या वजनात कोण उतरणार? मागील वर्षी पहिल्याच फेरीत पडलेला गडी यंदा काही करून दाखवील काय? क्रीडाशिक्षक वही उघडतात, मुलांना काट्यावर उभे करतात, दंड-मांड्या न्याहाळतात आणि नावे मांडू लागतात. काही नावे चटकन लिहिली जातात, काहींपाशी लेखणी अडखळते, आणि काही मुले दाराशीच उभी राहून परत जातात. त्या वहीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले, याची नोंद इतिहासात सहसा होत नाही. एका नावाची मात्र झाली आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात असेच एक नाव वहीत लिहिले जाता जाता राहणार होते. ते नाव खाशाबा दादासाहेब जाधव यांचे.

स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांत पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या या मल्लाचे चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. माळव्यातील वाचकांना वाटेल, की साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या मल्लाशी धार-देवासचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो नुसत्या भाषेचा नाही. कथेच्या ओघात तो योग्य ठिकाणी येईलच.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या लहानशा गावी झाला. कृष्णा आणि कोयना या नद्या जेथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या कराड शहरालगतचे हे गाव. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले मल्ल. पाच मुलांत खाशाबा धाकटे. त्या काळी कृष्णाकाठच्या गावांतून तालीम नाही असे गाव विरळा, आणि जाधवांच्या घरात तर तालमीची माती उंबऱ्याच्या आत आलेली होती. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी मुलाला लंगोट बांधून हौदात उतरविले. आठव्या वर्षी त्यांनी आसपासच्या भागात गाजलेल्या एका मल्लाला अवघ्या दोन मिनिटांत आस्मान दाखविले, असे सांगतात.

हौद म्हणजे काय, हे आजच्या शहरी वाचकांना सांगितले पाहिजे. तांबडी माती चाळून घ्यावयाची, तीत ताक, तेल, हळद घालावयाची, आणि ती रोज उकरून भुसभुशीत ठेवावयाची. या मातीत अंग घासले की घामाने ते निसटते होते आणि माती लावली की पुन्हा पकड बसते. मातीतल्या कुस्तीला घड्याळ नसते. दोन्ही खांदे मातीला लागून गडी चीत होईपर्यंत ती चालावयाची, मग ती पाच मिनिटांत होवो की पाऊण तासात. गुणांचा हिशेब नाही. जत्रेच्या फडात चीतपट झालेला गडी उठतो तोच हलगी वाजू लागते, विजयी मल्लाच्या डोक्यावर फेटा चढतो, आणि हाती नारळ व इनाम पडते. खाशाबा या मातीत वाढले. अंगाने ते थोराड नव्हते. उंची जेमतेम साडेपाच फूट, बांधा आटोपशीर. परंतु चपळाई विलक्षण, आणि डावांत ढाक हा त्यांचा हातखंडा. प्रतिपक्ष्याची मान काखेत धरून, कंबर आत घालून त्याला अंगावरून फेकावयाचे, असा हा डाव. यात ताकदीपेक्षा वेळ साधावी लागते. क्षणभर उशीर झाला तर टाकणाराच खाली जातो.

इ.स. १९४० ते १९४७ या काळात ते कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत होते. ही वर्षे साधी नव्हती. १९४२ च्या चळवळीने सातारा जिल्हा पेटून उठला होता. प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते गावोगाव आसरा घेत होते. त्यांना आसरा देण्यात आणि त्यांचे निरोप पोहोचविण्यात तरुण खाशाबांचाही हात होता. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, आणि जगाच्या मैदानात तिरंगा फडकविण्याची आकांक्षा त्यांच्या मनात तेव्हापासूनच होती.

शालेय शिक्षण संपवून ते कोल्हापुरास आले. कुस्तीसाठी याहून योग्य गाव महाराष्ट्रात नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी या विद्येला जो आश्रय दिला, त्याला तोड नाही. १९०२ मध्ये महाराज विलायतेस गेले असता रोममधील प्राचीन आखाडा त्यांच्या पाहण्यात आला, आणि तशाच धर्तीचे मैदान आपल्या राजधानीत असावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. मधोमध कुस्तीचा हौद आणि सभोवार चढत गेलेल्या बैठका अशी त्याची रचना, त्यामुळे सर्वांत मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही मल्लाचा पाय कोठे अडकला हे दिसते. पेठापेठांतून तालमी होत्या, हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून मल्ल तेथे येत. खाशाबांना येथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले.

राजाराम महाविद्यालयात वार्षिक क्रीडास्पर्धांची वेळ आली, तेव्हा खाशाबाही नाव द्यावयास गेले. तेथील क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले. समोर उभा असलेला मुलगा किरकोळ अंगाचा. खासबागेत गाजलेले धिप्पाड गडी रोज ज्यांच्या डोळ्यांखालून जातात, त्यांना हा मुलगा मल्ल वाटला नाही, यात फारसे नवल नाही. त्यांनी नाव घालून घेण्यास नकार दिला. खाशाबांनी वाद घातला नाही. ते उठून थेट प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले आणि आपणास लढू द्यावे एवढीच विनंती त्यांनी केली. प्राचार्यांनी ती मान्य केली. मग हौदात काय झाले हे सांगावयास नको. आपल्यापेक्षा अंगाने मोठे आणि नावाने थोर असलेले गडी खाशाबांनी एकामागून एक चीत केले.

येथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. प्राचार्यांनी त्या दिवशी फार मोठे काही केले नव्हते. वहीत एक नाव लिहावयास लावले, इतकेच. परंतु या दोघांचा ऋणानुबंध येथून जुळला, आणि पाच वर्षांनी त्याची खरी कसोटी लागावयाची होती.

आता देवासचा धागा. देवास हे एकाच गावात दोन गाद्या नांदविणारे संस्थान होते, हे आमच्या घरोघरी ठाऊक आहे. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंच्या वंशांतून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव महाराज यांचा विवाह १९०८ मध्ये शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई उर्फ अक्कासाहेब यांच्याशी झाला. हेच ते तुकोजीराव, ज्यांच्या पदरी इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी १९२१ मध्ये चिटणिसाचे काम केले आणि पुढे त्या दिवसांवर एक पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या नावात आपली टेकडीही आली आहे. तुकोजीराव व अक्कासाहेब यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९१० मध्ये जन्मले आणि १९३७ मध्ये वडिलांच्या मागे देवासच्या गादीवर आले. दहा वर्षे त्यांनी येथे राज्य केले. इकडे कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या मागे घेतलेले दत्तक बालक १९४६ मध्ये निवर्तले, आणि गादी पुन्हा रिकामी झाली. तेव्हा शाहू महाराजांचे हे दौहित्र महाराणी ताराबाई यांनी दत्तक घेतले. मार्च १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंहराव पवार हे छत्रपती शहाजी महाराज या नावाने कोल्हापूरच्या सिंहासनावर बसले, आणि देवासची गादी त्यांचे चिरंजीव कृष्णाजीराव यांच्याकडे आली.

पुढच्याच वर्षी लंडन येथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ चे सामने झालेच नव्हते, त्यामुळे बारा वर्षांनी जग पुन्हा एकत्र येत होते. खाशाबांना संधी होती, पण विलायतेचा प्रवासखर्च गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मुलाने आणावयाचा कोठून? तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला. म्हणजे देवासच्या गादीवरून गेलेल्या राजाने दिला. मातामहांकडून आलेला कुस्तीचा वारसा त्यांनी अशा रीतीने चालविला. आमच्या गावातील किती जणांना हे ठाऊक असेल, याची आम्हांला शंका वाटते.

लंडनला खाशाबा ५२ किलो वजनाच्या गटात उतरले, आणि तेथे त्यांच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. मातीच्या जागी गादी होती. ज्याने आयुष्यभर भुसभुशीत मातीत पाय रोवले, त्याला गादीवर पाय कोठे रोवावा हेच उमगत नाही. माती पायाखाली दबते, गादी पायाला उलट उचलते. अनवाणी पायांना बुटांची सवय नसते. शिवाय नियम आंतरराष्ट्रीय, वेळ ठरलेली, प्रत्येक पकडीला गुण. गडी चीत झाला नाही तरी गुणांवर निकाल लागतो, ही गोष्ट आमच्या फडातल्या मल्लाला प्रथम अन्यायाचीच वाटेल. या साऱ्याची ओळख त्यांना अमेरिकेचे मल्ल रीस गार्डनर यांनी करून दिली. तेथल्या थोड्याशा दिवसांत गार्डनर यांनी त्यांना गादीवर शिकविले, आणि शिष्यही असा की त्याने ते लगोलग आत्मसात केले. ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस यांना त्यांनी काही मिनिटांतच हरविले. अमेरिकेचे बिली जर्निगन यांच्यावरही मात केली. इराणचे मन्सूर रईसी यांनी मात्र त्यांना अडविले. खाशाबा सहावे आले. गादीवर पहिल्यांदाच उतरलेल्या मल्लाने जगात सहावा क्रमांक मिळवावा, ही सामान्य गोष्ट नव्हती. तोपर्यंत या वजनात इतक्या वर कोणताही भारतीय पोहोचला नव्हता.

परत आल्यावर त्यांनी ध्यास घेतला तो पुढच्या ऑलिंपिकचा. चार वर्षे मेहनत वाढविली, वजनाचा गटही वरचा म्हणजे ५७ किलोचा धरला. पण या चार वर्षांत देशात एक मोठी उलथापालथ झाली, आणि तिचा परिणाम मल्लांच्या नशिबावरही झाला. १९४८ च्या मे महिन्यात मध्यभारत संघराज्याची स्थापना झाली आणि धार, देवासच्या दोन्ही पात्या, इंदूर, ग्वाल्हेर ही सारी संस्थाने त्यात विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही मुंबई राज्यात मिळाले. राजेशाही गेली, याबद्दल कोणा लोकशाहीवाद्याला दुःख होण्याचे कारण नाही, आम्हांलाही नाही. परंतु तालमींना खुराक, मल्लांना मानधन आणि गुणवंतांना प्रवासखर्च आजवर ज्या खजिन्यांतून मिळत असे, ते खजिने आता बंद झाले. त्यांची जागा नव्या सरकारांनी घ्यावयाची होती. ती अजून घेतली गेली नव्हती. या मधल्या पोकळीत १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक आले.

आरंभ निवडीपासूनच अडचणीचा झाला. निवडीच्या कुस्तीत आपल्याला एक गुण मुद्दाम कमी देण्यात आला, अशी खाशाबांची तक्रार होती. पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते, स्वतः खेळाडू आणि खेळाचे दर्दी. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावण्याची व्यवस्था केली आणि निरंजन दास या मल्लाशी त्यांची गाठ पडली. खाशाबांनी त्यांना चीत केले. खांदे मातीला टेकल्यावर गुणांचा वाद उरत नाही.

निवड झाली, पण जावयाचे कसे? त्या काळी संघात नाव येणे वेगळे आणि जहाजाचे वा विमानाचे भाडे हाती असणे वेगळे. सरकारकडे अर्ज झाले, पुन्हा पुन्हा झाले, त्यांतून हाती आले ते तुटपुंजे. गोळेश्वर आणि आसपासच्या गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कोणी पाच दिले, कोणी दहा. दुकानदारांनी दिले, शेतकऱ्यांनी दिले. तरीही रक्कम पुरेना आणि दिवस तर भराभर जवळ येत होते.

अशा वेळी प्राचार्य खर्डेकर पुढे झाले. त्यांनी आपले राहते घर बँकेकडे गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून खाशाबांच्या हाती ठेवले.

सात हजार रुपये ही त्या काळी किती मोठी रक्कम होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. शिक्षकाची मिळकत ती काय असणार! त्यांतून घर म्हणजे आयुष्यभराची जमा. खाशाबा ना त्यांचे आप्त, ना भाऊबंद, आणि त्यांचे विद्यार्थिपणही आता मागे पडलेले. पदक मिळेल याची हमी तर कोणीच देऊ शकत नव्हते. साऱ्या देशाच्या अनुभवाकडे पाहिले तर ते मिळणार नाही, हाच अंदाज शहाणपणाचा ठरला असता. चार वर्षांपूर्वी एका राजाने जे केले, ते आता एका शिक्षकाने केले. राजाने दिले ते खजिन्यातून, शिक्षकाने दिले ते डोक्यावरचे छप्पर. दोघांचे मोल कमी-अधिक ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. परंतु आम्हांला राहून राहून त्या घरातील मंडळींचे नवल वाटते. गहाणखतावर सही झाल्यावर रात्री त्या घरात काय बोलणे झाले असेल?

हेलसिंकी हे फिनलंडचे राजधानीचे शहर. उन्हाळ्यात तेथे रात्र फार थोडी. सोव्हिएट रशिया या सामन्यांत प्रथमच उतरत होता, आणि कुस्तीत रशिया, तुर्कस्तान, इराण, जपान, स्वीडन यांचे मल्ल म्हणजे डोंगर. खाशाबांची पहिली गाठ कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन यांच्याशी पडली. पंधरा मिनिटांची कुस्ती. चौदा मिनिटे होऊन गेली होती. अशा वेळी दमलेला गडी गुणांवर भागवितो. खाशाबांनी शेवटच्या मिनिटात त्यांना चीत केले. मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्टो यांच्याशी झालेली कुस्ती पाच-साडेपाच मिनिटांतच निकालात निघाली. जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ कणखर निघाले. तेथे पंचांचा कौल घ्यावा लागला आणि तो दोन विरुद्ध एक असा खाशाबांच्या बाजूने पडला.

पुढे जपानचे शोहाची इशी उभे राहिले. ही कुस्ती पूर्ण वेळ चालली. दोघेही चपळ, दोघेही डावपेचांचे धनी. पंधरा मिनिटांच्या झटापटीनंतर निसटत्या फरकाने कौल इशी यांच्याकडे गेला. या इशी यांनीच पुढे सुवर्णपदक मिळविले, आणि हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण होते, हे लक्षात घेतले म्हणजे खाशाबा कोणाशी आणि कसे लढले हे कळते.

खरी हळहळ वाटते ती पुढील प्रसंगाची. इशी यांच्याशी झुंजून घामाने निथळत खाशाबा बाजूला होतात न होतात, तोच त्यांना रशियाचे रशीद ममेदबेकोव्ह यांच्याशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये मल्लाला अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. पण तो नियम दाखवून हरकत घ्यावयास त्या क्षणी तेथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत एकट्या मल्लाने कोणाशी वाद घालावा? खाशाबा तसेच गादीवर उभे राहिले. अंगात त्राण नव्हते. पंचांचा कौल एकमताने रशियन मल्लाकडे गेला. इशी यांना सुवर्ण, ममेदबेकोव्ह यांना रौप्य, आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग पालटला असता काय, याचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही. प्रश्न मात्र अजून विचारला जातो.

त्याच सामन्यांत कोल्हापूरच्याच तालमीतले केशव माणगावे हे वरच्या वजनात चौथे आले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. एकाच शहराच्या मातीतून आलेले दोन गडी, एक तिसरा आणि एक चौथा. आमच्या मते ही जोडी जितकी लक्षात राहावयास हवी होती, तितकी राहिली नाही. याचे एक कारण उघड आहे. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सवर सहा विरुद्ध एक असा विजय मिळवून सुवर्णपदक जिंकले. त्यांतले पाच गोल एकट्या बलबीरसिंगांचे. साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले. सरकारी आणि शहरी कौतुक हॉकीच्या वाट्याला आले, आणि ते योग्यच होते. कांस्यपदक घेऊन येणाऱ्या मल्लाकडे पाहावयास दिल्ली-मुंबईला फुरसत उरली नाही.

कराडला मात्र फुरसत होती. खाशाबा गाडीतून उतरले तेव्हा स्थानकावर माणसांचा समुद्र लोटला होता. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून आणल्या होत्या. ढोल, लेझीम, हलग्या, गुलाल. स्थानकापासून गोळेश्वरपर्यंतची वाट एरवी थोड्या मिनिटांची, पण त्या दिवशी मिरवणुकीला तब्बल सात तास लागले. गावागावांतून आलेल्या ज्या माणसांनी पाच-दहा रुपये वर्गणी दिली होती, ती सारी त्या गर्दीत होती. त्यांचा पैसा वसूल झाला होता.

खाशाबांच्या दृष्टीने मात्र एक वसुली राहिली होती. कोल्हापुरातील एका घरावर अजून बँकेचा बोजा होता. त्यांनी गळ्यातले हार उतरवून ठेवले आणि पुन्हा लंगोट चढविला. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः लढले, तिकिटांचा आणि इनामाचा पैसा साठवला, आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून त्यांना परत दिले. जगातील तिसऱ्या क्रमांकाचा मल्ल ऑलिंपिकनंतर प्रथम लढला तो गुरूचे गहाणखत फाडण्यासाठी. आमच्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या कुस्त्यांत या कुस्त्या श्रेष्ठ होत.

यापुढील आयुष्य थोडक्यात सांगता येते, आणि ते सांगताना लेखणी जड होते. १९५५ मध्ये त्यांना पोलीस दलात उपनिरीक्षकाची जागा मिळाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची तयारी होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ती आशा संपविली. खात्यातील स्पर्धा त्यांनी अनेक जिंकल्या, पुढच्या पिढीतील मल्लांना शिकविले आणि सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. ज्या सरकारने १९५२ मध्ये प्रवासखर्चासाठी हात आखडता घेतला, त्या व्यवस्थेने पुढेही हात सैल सोडला नाही. १९८२ मध्ये दिल्लीला आशियाई सामने भरले तेव्हा मशाल नेणाऱ्यांत त्यांना मान मिळाला, हाच काय तो त्यांच्या हयातीतील मोठा सार्वजनिक सन्मान.

देवासहून कोल्हापुरास गेलेले शहाजी महाराज ९ मे १९८३ रोजी निवर्तले. पुढच्या वर्षी १४ ऑगस्ट १९८४ रोजी खाशाबांचा रस्त्यावरील अपघातात अंत झाला. वय अठ्ठावन्न. स्वातंत्र्यदिन दुसऱ्या दिवसावर होता.

त्यांच्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी भारताला पुरी चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. १९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले. कुस्तीतील दुसरे पदक यावयास तर २००८ साल उजाडले, जेव्हा बीजिंगला सुशील कुमार यांनी कांस्य जिंकले. मग हळूहळू जुन्या मल्लाची आठवण होऊ लागली. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाले ते दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला खाशाबा जाधवांचे नाव देण्यात आले. आता तेथे गादी अंथरलेली असते, आणि बूट घातलेली मुले त्या नावाखालून आत जातात.

गोळेश्वरात त्यांचे घर आहे. त्या घराला त्यांनी नाव दिले होते ऑलिंपिक निवास.